न जळणारी होडी

आमच्या गावात होडी म्हातारी झाली की तिला जाळतात. डिसेंबरात, संत निकोलाच्या दिवशी, चर्चसमोरच्या अंगणात, सगळ्या गावादेखत. जिने आयुष्यभर खायला घातलं तिला किनाऱ्यावर कुजत ठेवणं आम्ही पाप मानतो. आग निवली की ज्याला नवी होडी बांधायची असेल त्याने मूठभर राख न्यायची आणि नव्या होडीच्या कण्याखाली घालायची. म्हणजे जुनी मरते आणि मरतही नाही.

माझी येर्का फायबरची. तिला जाळता येत नाही. काळा धूर निघतो, घसा धरतो, आणि मागे उरते ती राख नसते, काचेचं जाळं असतं. म्हणून गावात तिला कोणी होडी म्हणतच नाही. पेरिनाचं प्लास्टिक, म्हणतात. आमचे पाद्री डॉन येरे एकदा हसत म्हणाले होते की लाकडी होडीला निदान मरण आहे, हिच्या नशिबी तेही नाही. सगळे हसले. मी नाही हसले.

येर्का हे माझ्या सासूचं नाव. माझ्या नवऱ्याने, बार्तुलने, ही होडी घेतली तेव्हा सासू जिवंत होती, आणि तिचं नाव दिलं नसतं तर आम्हाला घरात जेवण मिळालं नसतं. गावातली ती पहिली फायबरची होडी. बार्तुल आणि मी मिळून तिच्यातून जाळी टाकली, ओढली, भांडलो, पोर वाढवलं. तो गेल्यावर काही उन्हाळे मी एकटी जात राहिले. मग इंजिन आपल्या बैठकीवर हलायला लागलं, हिरडीतल्या सैल दातासारखं. ते उचलून शेडमध्ये ठेवलं आणि येर्काला धक्क्यावर चढवून घेतलं. दिसेल त्याने तेव्हा हात लावला. लावावाच लागतो. ओढल्या जाणाऱ्या होडीजवळून जो हात न लावता पुढे जातो, त्याची जाळी वर्षभर रिकामी राहतात असं आमच्याकडे मानतात, आणि न मानणारेही उगीच परीक्षा बघत नाहीत.

तेव्हापासून ती धक्क्यावरच होती. यंदा द्राक्षं उतरवून झाली आणि प्रोश्पेर दारात आला. बंदराचं काम तो बघतो. लहानपणी माझ्या तोंचीबरोबर शाळेत होता, मला तेता म्हणजे मावशी म्हणतो, त्यामुळे काही वाईट सांगायचं असलं की टोपी काढतो आणि समुद्राकडे बघून बोलतो. धक्का मोकळा करायचा हुकूम आलाय, म्हणाला. संत निकोलाच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावरून बार्ज, सपाट मालवाहू बोट, येणार, वापरात नसलेल्या होड्या उचलून नेणार आणि तिकडे यंत्रात घालून चुरा करणार. धक्क्यावर तशी होडी एकच होती, माझी.

"तेता पेरिना, नियम माझा नाही."

"टोपी घाल," मी म्हटलं. "सर्दी होईल."

तोंची माझा मुलगा. समुद्रापलीकडे स्प्लिट शहरात राहतो, सातव्या मजल्यावर. मृतांच्या सणाला वडिलांच्या थडग्यावर शेवंती घेऊन आला तेव्हा त्याला बार्जची गोष्ट आधीच कळलेली होती. माझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवलीय म्हणाला. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मुलगा वाईट नाही. काळजी करतो, आणि काळजी करणारा माणूस ऐकत नाही.

होडी आहे तोवर मी इथली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. होडी गेली की मी धक्क्यावर बसून दुसऱ्यांची मासळी मोजणारी म्हातारी, आणि तशा म्हातारीला बोटीत बसवायला फार जोर लागत नाही. म्हणून त्याने सरळ होडीलाच हात घातला. म्हणाला, बार्बा कुझ्माला दाखवू. तो म्हणाला हिच्यात जीव आहे, तर मी पुन्हा स्प्लिटचं नाव काढणार नाही. तो म्हणाला मेली, तर तू माझ्याबरोबर यायचं.

मी म्हटलं, बरं.

बार्बा म्हणजे काका; कुझ्मा हा आमच्या बेटावरचा होड्या बांधणारा शेवटचा सुतार. प्लास्टिकला त्याने जन्मात हात लावला नव्हता. उपाशी मेलं तरी हरकत नाही पण प्लास्टिकला हात लावायचा नाही, अशी त्याची जात. तोंचीने राकिया दारूचे दोन पेले पाजले तेव्हा तो यायला तयार झाला. आला तो नाक मुरडतच, बैल बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा. खिशातून लाकडी हातोडी काढली आणि येर्काच्या अंगावर ठोकत पुढून मागे निघाला. बाहेरून आवाज खणखणीत येत होता. तळाला काही फोड आले होते, त्यातला एक त्याने टोच्याने फोडला. पाणी आलं, आंबट वासाचं.

"व्हिनेगर," तो म्हणाला. "सॅलडवर घाल."

मग आत उतरला. तळाशी लांबीला दोन जाड वासे आहेत, फायबरात गुंडाळलेले, त्यांच्यावरच इंजिनाची बैठक. तिथे हातोडी मारली तर आवाज भोपळ्यासारखा आला. त्याने गिरमिट लावून भोक पाडलं. भुसा निघाला नाही. तपकिरी चिखल निघाला. कुझ्माने तो बोटावर घेऊन चोळला.

"वसंतात बार्तुल हिला पाण्याने भरायचा का गं?"

भरायचाच. सगळेच भरतात. हिवाळाभर किनाऱ्यावर सुकलेली होडी समुद्रात लोटण्याआधी आत पाणी भरून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि फळ्यांमधल्या फटी मिटतात. बार्तुलच्या बापाने केलं, आजाने केलं. येर्काला ना फळ्या ना फटी, पण वसंत आला की बार्तुल बादल्या घेऊन निघायचा, आणि कोणी त्याला वेडा म्हटलं नाही. उलट धक्क्यावरचे चार जण भरू लागायचे. त्यांत कुझ्माही असायचा. वर्षामागून वर्षं ते पाणी वाशांच्या सांध्यांतून आत झिरपत गेलं. प्रेमानेच कुजवली तिला आम्ही.

कुझ्मा धडपडत बाहेर आला. तोंचीकडे बघून म्हणाला, मेली.

तोंचीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही, पण कुझ्माला विचारलं, "काय मेलं?"

"म्हणजे?"

"कवच मेलं की वासे मेले?"

"कवचाला काय धाड भरलीय? तू, मी आणि हे चर्च गेल्यावरही ते कवच असणार. आतलं लाकूड मेलंय."

"म्हणजे प्लास्टिक जिवंत आणि लाकूड मेलेलं. हे तूच म्हणालास."

कुझ्माने हातोडी खिशात घातली आणि म्हणाला, बायकांशी बोलण्यापेक्षा पत्र्याला खिळा मारलेला बरा. तोंचीला आमचं बोलणं निव्वळ हट्ट वाटला. संत निकोलाच्या दिवशी तुला न्यायला येतो, म्हणाला, कपड्यांसाठी मोठी बॅग आणतो. मी म्हटलं, ये.

तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मी येर्कात उतरले. करवतीने वाशांवरचं फायबर कापून काढलं, आणि छिन्नीने आतलं लाकूड. कुठे ते चमच्याने खरवडता येईल इतकं मऊ होतं, कुठे अजून पक्कं. काचेची धूळ अंगाला लागली की अशी खाज सुटते की सगळे संत आठवतात. थंड पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. धक्क्यावरून जाणारे थांबायचे. शवविच्छेदन चाललंय का, एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, पेरिना सासूची आतडी काढतेय, इतक्या वर्षांनी संधी मिळाली. हे मात्र मला आवडलं. मी त्याला खाली वाकून सांगितलं की तुझ्या बायकोलाही शिकवीन.

प्रोश्पेरला वाटलं मी इंजिनाचे सुटे भाग वगैरे वाचवतेय. मी त्याला तसं वाटू दिलं. त्याला एवढंच विचारलं की हुकूम धक्क्याचा आहे की माझ्या अंगणाचाही. धक्क्याचा, तो म्हणाला.

माझं घर धक्क्याच्या मागच्या चढावर, चर्चहून बंदराकडे येणाऱ्या वाटेला लागून आहे. अंगणाला दगडाचा गडगा. लग्न होऊन आले त्या वर्षी मीच रचलेला. आता मीच तो वाटेच्या बाजूने पाडला, होडी आत येईल इतका. मग बूरा सुटला, आमच्या डोंगरावरून येणारा कोरडा वारा, आणि मी कुजके वासे दगडांवर त्याच्यापुढे वाळत टाकले. बूरा काहीही वाळवतो. रागसुद्धा.

संत निकोलाच्या सकाळी तोंची बोटीने आला, हातात मोठी रिकामी बॅग. मी काळे कपडे घालून तयार होते, त्यामुळे त्याला वाटलं निघायचीच तयारी आहे.

जाळायला होडी यंदाही नव्हती. लाकडी होड्या आता उरल्याच किती, आणि उरलेल्यांवर पर्यटक फोटो काढतात, त्यांना कोण जाळणार? काही वर्षं झाली, मोडकी वल्ही, खोकी, एखादी सडकी शिडी, असंच काही जाळत होते. प्रार्थना झाली, डॉन येऱ्यांनी पाणी शिंपडलं, आणि काडी लावण्याआधी मी वाशांच्या तुकड्यांची हातगाडी पुढे नेली. त्यांनी हात आडवा केला.

"पेरिना, प्लास्टिक नको. आधीच सांगितलंय."

"लाकूड आहे, डॉन येरे. काचेचा कण ठेवलेला नाही. गावाला खायला घातलेलं लाकूड आहे, खोकं नव्हे."

त्यांनी एक तुकडा उचलून वास घेतला. समुद्राचा, डिझेलचा, जुन्या मासळीचा. त्यांनी तो स्वतःच ढिगावर ठेवला. लाकूड अजून पुरतं वाळलं नव्हतं, धुराचा लोट चर्चच्या दारात शिरला आणि संत निकोलासकट सगळे खोकले. पण जळालं. निवल्यावर मी वाकून कॉफीच्या डब्यात राख भरून घेतली. कितीतरी वर्षांत कोणी राख नेली नव्हती. माझ्या मागे कोणीतरी टोपी काढली, तेवढं ऐकू आलं.

मग मी सगळ्यांच्या आधी धक्क्याकडे उतरले. धक्क्यापासून अंगणापर्यंत ऑलिव्हचे ओंडके पहाटेच चरबी चोपडून आडवे टाकून ठेवले होते. येर्काच्या नाकाला दोर बांधलेला होता. तो खांद्यावर घेतला आणि ओढायला लागले. ती अर्थातच तसूभरही हलली नाही. हलावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. आगीनंतर संताची मूर्ती मिरवत बंदरावर नेतात, ती मिरवणूक वरून येत होती, मूर्ती पुढे, मागे अख्खं गाव, आणि बंदराकडे जायला दुसरी वाट नाही.

पुढचे थांबले, म्हणून मागचे थांबले. तोंची गर्दीतून वाट काढत आला. चेहरा लाल.

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. कुझ्मा काय म्हणाला? लाकूड मेलं. मेलेलं आत्ता तुझ्यादेखत जाळून आले. जिवंत आहे ते ओढतेय. तू बाजूने जाणार आहेस की हात लावणार आहेस?"

त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांची जाळी दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात पडायची होती. त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग संताकडे. पहिला आला प्रोश्पेर, टोपी खिशात कोंबून. मग मला सासूवरून चिडवणारा. मूर्ती गडग्यावर टेकवली गेली आणि डॉन येऱ्यांनी झगा वर खोचला. सगळे ओढायला लागले, पण जो तो आपल्या तालावर, आणि येर्का ओंडक्यावरून तिरकी घसरायला लागली. तेव्हा मागून कुझ्मा ओरडला की गाढवांनो, आपटाल तिला. त्याने येर्काच्या कडेला हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा आपणहून, आणि ओढायची जुनी हाळी घातली. दर हाळीला एक ओंडका. तोंची दोरावर माझ्या पुढे होता. बॅग कुठे ठेवली होती देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बार्ज आली, पण येर्का माझ्या अंगणात होती, धक्क्यावर न्यायला काही नव्हतं, म्हणून तशीच परत गेली. तोंची तिच्या आधीच्या बोटीने गेला. बॅग सुकी अंजीरं आणि कांदे भरून नेली. जाताना माझा हात हातात धरून एवढंच म्हणाला, फायबर जोडायचं रेझिन कुठलं लागेल ते विचारून ठेव.

हिवाळाभर मी येर्काला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतलं, खारं निघून जायला, आणि बूऱ्यापुढे उघडी ठेवली. दक्षिणेचा ओला वारा सुटला की झाकली. फेब्रुवारीत तोंची त्याच बॅगेतून रेझिनचे डबे घेऊन आला. वासे कुझ्माने घडवले. प्लास्टिकच्या कामाला तो अजूनही हात लावत नाही, लाकडाला लावायला त्याची हरकत नाही. राख मी रेझिनमध्ये कालवली तेव्हा ते करडं झालं, आणि कुझ्मा म्हणाला की हे असलं कोणी कधी केलेलं नाही. मी म्हटलं, फायबरची होडी कोणी जाळलीही नव्हती.

परवा वसंताचं पहिलं ऊन पडलं. डोळे मिटून बसले होते, तर पाण्याचा आवाज आला. प्रोश्पेर भलेपणाने बादली घेऊन येर्काजवळ उभा होता. कुझ्मा त्याच्या अंगावर ज्या शिव्या घालत धावला, त्या मी इथे लिहीत नाही.

ती कोरडीच समुद्रात जाणार आहे.