आधी सत्कार, मग उषाताई

मधुसूदनरावांच्या दिवाणावर सकाळपासून शालींचा ढीग पडला होता, बसायला जागा नव्हती. ग्वाल्हेर शहर संपता संपता सोनपुरा गाव लागतं, तिथल्या मराठी मंडळाचे ते सचिव. संध्याकाळी मंडळात 'आपल्या गावाचा इतिहास' हे व्याख्यान होतं. बोलणार होत्या नव्वदीच्या उषाताई शिर्के.

"अहो, बोलणारी एक बाई आणि शाली एवढ्या?" त्यांच्या पत्नी अपर्णावहिनींनी विचारलं.

"देणगीदार आहेत, माजी अध्यक्ष आहेत. एकाला वगळलं तर वर्षभर तोंड फुगवून बसतील!"

तेवढ्यात उषाताईंची नात हेमांगी आली. इंदरगंजला ऑफिसला जाता जाता तिने स्कूटी थांबवली होती.

"काका, आजीला सगळ्यात आधी बोलू द्या न. थकली की ती गोंधळते. दुष्काळात गावच्या बायांनी विहीर खोदली होती, त्यांची नावं आता फक्त तिलाच माहीत आहेत. 'माझ्याबरोबर ती नावं जाऊ नयेत,' म्हणते."

"पाहू," मधुसूदनराव म्हणाले. आता हे 'पाहू' म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला चांगलंच ठाऊक आहे!

संध्याकाळी दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं आणि सत्कार सुरू झाले ते संपेचनात. शाल, श्रीफळ, फोटो; फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. जो तो 'दोनच शब्द' म्हणत माईक धरायचा आणि सोडायचं नाव घ्यायचा नाही. पुढच्या रांगेत उषाताई ओठ हलवत बसल्या होत्या. त्या नावं घोकत होत्या.

माजी अध्यक्ष मानसिंगरावांना पुकारलं, तशी हेमांगी ताडकन उठली. "काका, बस! अब आजी को बोलने दीजिए!"

"अगं, उषाताईंना मानानेच बोलावलंय," मधुसूदनराव चिडले. "त्यांनाही शाल आहेच की!"

"शाल घेऊन ती काय करेल? बोलायला बोलावलंत, तर तिचं ऐका, तोच तिचा मान. शाल उद्याही देता येईल. आजीचं उद्याचं मला सांगता येत नाही."

मधुसूदनरावांनी उषाताईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ थांबले होते. अरे देवा! त्यांनी माईक उचलून थेट उषाताईंच्या हातात दिला. मानसिंगराव अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

"मी तेव्हा नवी नवरी होते," उषाताई सांगू लागल्या. "आमच्या सासूबाई पदर खोचून चिखलात उतरल्या. पुरुष हसत होते. टोपल्या ओढायला गेंदाबाई, रामकली. दोर धरायला जमनी. आणि सगळ्यात खाली उतरायची ती... ती..."

त्यांनी बोटांवर नावं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"दुपारपर्यंत आठवत होतं रे," त्या मधुसूदनरावांकडे पाहून म्हणाल्या.

पुढे कित्येक सकाळी मधुसूदनराव त्यांच्यापाशी जाऊन बसले, गावात घरोघरी विचारून आले. नाव मिळालं नाही. सोनपुऱ्याला पाणी दाखवणारी ती बाई कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हापासून मंडळात वक्ता आधी बोलतो. सत्कार उरल्या वेळात होतात, कधी राहूनही जातात, आणि कुणाचं काही अडत नाही. मित्रहो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी उषाताई असेल. तिचं ऐकायला आजच जा. उशीर झाला तर ती माफ करेल हो, पण विसरलेलं तिला परत आणता येणार नाही.