पाहुण्यांसाठी वाजलेला नगारा

मित्रांनो, मुरुमजवळच्या एका दर्ग्यात धूळ खात पडलेला मी एक जुना नगारा आहे. तांब्याचं अंग, म्हशीचं कातडं आणि आवाज असा, की झोपलेला गाव खडबडून उठावा. आता बढाई मारून उपयोग नाही म्हणा.

बशीरचं घराणं माझं कातडं शेकून ताणायचं. पण उरुसात पहिलं टिपरू मारायचा मान महालिंगप्पाच्या लिंगायत घराचा. त्याशिवाय संदलाची, म्हणजे दर्ग्यावर चढवायच्या चंदनाची मिरवणूक निघत नसे.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी शेजारचं सोलापूर स्वतंत्र हिंदुस्थानात गेलं आणि आम्हाला परमुलूख झालं. इकडे गावं जळत होती. तिरंगा लावला म्हणून महालिंगप्पा तुरुंगात होता. अशात इथल्या अंमलदाराला दोस्तीची उबळ आली. हिंदुस्थानातून पाहुणे बोलवायचे, त्यांना आमचा उरूस दाखवायचा! दर्ग्यात लिंगायताचा मान, याहून देखणं ते काय? वाजवलंस तर सोडतो, असं त्याने महालिंगप्पाला कबूल केलं.

महालिंगप्पाला आणलं. अंगावर कोरा सदरा, मनगटं सुजलेली. त्याने टिपरू उचललं आणि मी जीव तोडून वाजलो. पाहुणे खूश झाले. एकाने त्याला विचारलं, "इथं सगळं ठीक आहे ना?"

अंमलदार शेजारीच उभा होता. महालिंगप्पाने गर्दीतल्या बायकोकडे, नागम्माकडे पाहिलं.

"व्हय साहेब. लई बेस हाय."

हार पडले, फोटो निघाले, मोटारी सोलापूरकडे गेल्या. त्यांची धूळ बसायच्या आत महालिंगप्पाला पुन्हा बेड्या पडल्या. बशीर अंमलदाराच्या पाया पडला आणि लाथ खाऊन परतला. महालिंगप्पा तुरुंगातच वारला. माझ्या त्या दिवशीच्या आवाजाची मला अजून शरम वाटते.

निजामी राजवट गेली. पुढच्या उरुसाला नवे साहेब आले. त्यांनाही एकोपा दाखवायचा होता, त्यांचेही पाहुणे होते. बशीरने टिपरू नागम्मापुढे धरलं. "वैनी, मान तुमच्या घरचा हाय."

ती पाहुण्यांकडे वळली. "तवाबी तुमच्यावानी पाव्हणे आल्ते. नगारा ऐकला अन् गेले. माझ्या माणसाच्या हाताकडं कुणी बघितलं न्हाय."

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या कुणाला तरी टिपरू मारायला सांगितलं. तेव्हा बशीरने मला उचलून पालथं घातलं. तो रडत होता.

मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. उत्सवाला जाल तेव्हा नगारा जरूर ऐका. पण वाजवणाऱ्याला एकट्याला गाठून विचारा, बाबा, तू कसा आहेस? शेजारी कुणी साहेब उभा असेल, तर वाजवणाऱ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.