मालविकेच्या नावाचं हृदय

मित्रांनो, मी बनारसच्या एका इस्पितळातलं जुनं इको यंत्र आहे. माझा दांडा छातीवर टेकवला की आतलं हृदय पडद्यावर हलताना दिसतं. १९९३ साली मला खोक्यातून काढलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हाच मला शंका आली, एवढं कौतुक म्हणजे पुढं राबवून घेणार. तसंच झालं. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, बनारसच्या विजेवर तर मुळीच नाही.

जन्मापासून हृदयात दोष असलेली कितीतरी मुलं माझ्यापुढं निजली. कुठला कप्पा फुगलाय, रक्त किती जोरानं ढकलतोय, हे पाहूनच डॉक्टर ऑपरेशनचं ठरवत. दूधविनायक मोहल्ल्यातली मालविका त्यांतलीच. तिच्या हृदयातल्या पडद्याला बोराएवढं भोक होतं, त्यापायी उजवा कप्पा फुगला होता. "वर्षानं पुन्हा पाहू. कप्पा वाढला तर ऑपरेशन," असं विद्युल्लता डॉक्टरांनी सांगितलं होतं.

वर्षानं काका दिनानाथ तिला घेऊन आले. विद्युल्लताबाईंची बदली झाली होती. नव्या शरद डॉक्टरांनी तपासलं, तर भोक नाही! उजवा कप्पा ठणठणीत. फक्त ठोके भलतेच जलद पडत होते.

"विश्वनाथाची कृपा, डॉक्टरसाहेब!" काका म्हणाले. "बस, एकदम ठीक लिहून द्या. नागपूरची मंडळी रिपोर्ट मागताहेत. लग्न पक्कं होतंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पाणी कुठंतरी मुरत होतं. डॉक्टरांनी मात्र पेन उघडलं. हा कागद झाला की मालविकेचं ऑपरेशन कोण करणार? मला बोलता येत नाही याचा इतका राग कधीच आला नव्हता.

पेन थांबलं. "एवढं भोक असं बुजत नाही," जुना कागद पाहून डॉक्टर पुटपुटले. त्यांनी कपाटातून मालविकेच्या गेल्या वर्षीच्या तपासणीची टेप काढून लावली. दोन्ही हृदयांची ठेवणच वेगळी होती. त्यांनी पोरीकडं पाहिलं. "हे हृदय तुझं नाही."

पोरगी रडायला लागली. "मी स्वरदा, तिची धाकटी बहीण. ताईला मुन्शी घाटाच्या पायऱ्या चढवत नाहीत, मध्येच बसते. काका म्हणाले, कागदच तर पाहिजे."

"लग्न मोडेल हो, साहेब," काका म्हणाले.

"आधी मुलगी तर जगू द्या, दिनानाथजी!"

दुसऱ्या दिवशी खरी मालविका आली. उजवा कप्पा आणखी फुगला होता, पण जोर अजून शाबूत होता. त्याच हिवाळ्यात लखनौला तिचं ऑपरेशन झालं.

सहा महिन्यांनी ती तपासणीला आली. स्वभावाला औषध नाही, नुसत्या नावावर मी विश्वास ठेवला नाही. मग भोकाच्या जागी ठिगळ दिसलं, उजवा कप्पाही बराच ओसरलेला. मालविकाच होती! मला फार आनंद झाला.

आता नवं यंत्र आलंय. त्याच्यावर स्वच्छ कापड घालतात, माझ्यावर फाइली रचतात. तक्रार नाही म्हणालो तर ते खोटं होईल. पण मित्रांनो, धूळ पुसली नाहीत तरी चालेल, कुणाचा आजार झाकायला दुसऱ्याला यंत्रापुढं निजवू नका. दर वेळी डॉक्टर जुनी टेप काढून बघतीलच, याची मला तरी खात्री नाही.