हात लागलाय

“काका, जरा दमानं! इटलीची गाडी हाय, ढोलकी नाय,” किशोर म्हणाला.

वाल्मिककाकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकवून त्यांनी पिवळ्या दारावर हलकी थाप दिली आणि कान जवळ नेला. चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे सरळ केलेला आणि तेवढीच वर्षं भिसेगावच्या देवळात कीर्तनाला पखवाज धरलेला हा माणूस. त्याला दोन्ही कामं एकच वाटत. धड पत्रा पखवाजाच्या शाईसारखा खणखणीत बोलतो. पोचा बुजवायला खाली पुट्टी भरलेली असली, की पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडासारखा घुमतो.

कुंभिवलीला हायवेलगत किशोरचं जुन्या गाड्यांचं दुकान. गाडी घेणार होता पोशीरचा नवीन, आणि ती तपासायला काकांना घेऊन आला होता. फार्महाऊसवर लग्नं लागतात, नवरा-नवरीला फोटोला ऐटदार गाडी लागते. नवीनचा धंदा तोच. दोन माणसं, दोन दारं, जमिनीला पोट टेकेल अशी ही गाडी पाहून तो आठवडाभर झोपला नव्हता. मोबाइलवर काहीबाही वाचून एक चुंबकही घेऊन आला होता.

“काका, चुंबक चिकटतच नाय! आख्खी पुट्टीच भरलीय का काय?”

“येड्या, ॲल्युमिनियम हाय ते. त्याला चुंबक काय करणार? ठेव खिशात.”

किशोर खो खो हसला. नवीनही हसला, पण चुंबक हातातच राहिला.

काका उकिडवे बसले. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्यांनी नवीनकडून वाचून घेतले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मागची दोन टायरं गाडीच्या वयाची, पुढची दोन त्याहून तीन वर्षांनी नवी.

“किशोरशेठ, इंजीन मागं, जोर मागं. असली गाडी मागली चाकं आधी खाते. हिनं म्होरली का बदलली?”

“पंक्चर झालं असंल.”

“दोन्ही?”

किशोरने फोन काढला आणि त्यात डोकं घातलं.

या गाडीची डिकी पुढे. काकांनी ती उघडली. कडेच्या बोल्टांवरचा रंग कोपऱ्यांत खरचटला होता. पाना फिरल्याची खूण. त्यांनी आतलं अस्तर सोडवलं, मोबाइलचा उजेड धरला आणि हात आत घातला. पत्र्याचे जोड इतके साफ होते की नखालाही लागेनात. गाडी बनवणाऱ्या कारखान्यातही काही जण असं काम करत नसतील. काकांच्या तोंडून आपसूक “वा” निघून गेलं.

आणि मग उजेड कोपऱ्यात गेला.

जोडाच्या कडेला गोपीचंदनाच्या दोन उभ्या रेघा, खाली बुक्क्याचा ठिपका. उजवीकडची रेघ बाहेर झुकलेली.

काकांनी उजेड तिथेच धरून ठेवला.

ती त्यांच्याच गॅरेजची रीत होती. अपघाताची गाडी दुरुस्त केली, की आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, गंध लावायचं. पुढच्या मेस्तरीला कळावं, इथं हात लागलाय. गाडी मुकी, तिच्या वतीनं कुणीतरी खरं बोलायला हवं. त्यांचा मुलगा अक्षय पाच वर्षांचा असल्यापासून ते गंध तोच लावायचा. पोरगा डावखुरा, म्हणून उजवी रेघ नेहमी कलायची. आई, सुनंदा, म्हणायची, “तुझा विठोबा लंगडतोय रं.”

आठ वर्षांपूर्वी त्याच गंधावरून बिनसलं. “बाबा, तुमच्या टिळ्यानं गिऱ्हाईक पळतंय. लोकांना नवी दिसणारी गाडी हवीय, कबुली नकोय,” अक्षय म्हणाला. काकांनी रागाच्या भरात सुनावलं, “टिळा जड होत असंल तर हे गॅरेज सोड.” पोरगा नेसत्या कपड्यांनिशी गेला. नंबर बदलला. सुनंदा गेली तेव्हा कळवायला पत्ता नव्हता.

आणि त्याने टिळा सोडला नव्हता.

“काका, हाय का काय?” नवीन बाहेरून विचारत होता. “धाकधूक होतेय मला.”

“पाणी आन रं जरा. घसा सुकलाय.”

नवीन पाण्याला गेला. किशोर जवळ आला, वाकून त्याने आत पाहिलं. मग काकांच्या कपाळाकडे पाहिलं, जिथे सकाळचं गंध घामाने अर्धं पुसलं होतं.

“असंच हाय नाय?” तो हळू म्हणाला. “मी बोलायचो त्याला, रंगायच्या आधी ते पूस. पुसू देईना. बोलला, मग दुसरा माणूस बघा. डावरा हाय. तुमचा कोण लागतो?”

काकांनी मोबाइलचा उजेड विझवला.

“नंबर हाय माझ्याकडं. पत्ता पन देतो, लांब नाय. तुमी फकस्त नवीनला सांगा, गाडी फस्क्लास हाय. खोटं कुठं? काम फस्क्लासच हाय की.”

नवीन तांब्या घेऊन आला. काकांनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. आठ वर्षं हरिपाठ संपला की ते एकच मागणं मागत आले होते. आता ते मागणं समोर उभं होतं, किशोरच्या फोनमध्ये. एक शब्द बोलायचा, एवढंच. पण तो शब्द म्हणजे आत अंधारात पोराने राखलेल्या त्या दोन रेघा बापाने आपल्या हाताने पुसणं.

“नवीन,” ते म्हणाले, “हात लागलाय. म्होरून जबर आदळली व्हती. काम करणाऱ्यानं जीव ओतलाय, त्याला नावं ठिवू नको. पन कोरी म्हनून दाखवतायत, तशी नाय ती. तशी घेऊ नको.”

नवीनचा चेहरा लहान पोरासारखा पडला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, चुंबक खिशात टाकला. “ऱ्हायलं मग,” म्हणाला. “चला काका, सोडतो तुमाला.”

निघताना काका किशोरपाशी थांबले.

“पत्ता ऱ्हाऊ दे. बरा हाय ना तो? एवढंच सांग.”

“कोण?” किशोर म्हणाला, आणि गाडीवर कापड ओढू लागला.

वाटेत नवीन बरंच बोलला. काकांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. अस्तर परत लावताना अंगठा त्या झुकलेल्या रेघेला टेकला होता, आणि अंगठ्यावर पिवळसर पूड आली होती.

नवीनने त्यांना भिसेगावच्या देवळाशीच सोडलं. कीर्तनाची तयारी चालली होती. टाळकरी टाळांच्या दोऱ्या आवळत होते, पोरीबाळी सतरंज्या घालत होत्या. काकांनी पखवाज पुढ्यात घेतला. त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक भिजवायची होती. त्यांनी परातीतल्या पिठात पाणी ओतलं आणि एकट्या डाव्या हाताने मळायला घेतली. गोळा होईना, पीठ बोटांना चिकटत राहिलं.

टाळकऱ्यांतला सदू पाहत होता. “काका, उजव्या हाताला काय झालं?”

काकांनी मूठ मिटली.

“काय नाय रं,” ते म्हणाले. “हात लागलाय.”