दादाच्या मांडीवरचा कीबोर्ड

पक्षाघाताचा झटका आल्यापासून दादाची वाचा गेली आणि अंगही गेलं. उरली उजव्या हाताची दोन बोटं आणि पापण्या. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. एवढ्यावर घर चाललं होतं.

बाजारातल्या कीबोर्डवर ती बोटं पोचेनात, म्हणून धाकट्या बहिणीने स्वतःच सर्किट बोर्ड आखला. मोजकी बटणं, तीही अगदी जवळजवळ, मागे चिप, कडेला बॅटरी. कारखान्यातून बोर्ड छापून आला, तशी एकेक बटण तिने हाताने सोल्डर केलं.

पहिला बोर्ड टेबलावर चालू केला मात्र, चिपमधून धूर निघाला. बॅटरी फुगायला लागली. तिने ती चिमट्याने ओढून बाहेर वाळूच्या बादलीत टाकली. आखणीतच प्लस-मायनसची अदलाबदल झाली होती. चूक सुधारली, नवा बोर्ड जोडला, दुसऱ्या दुकानातून बॅटरी आणली. पण भीती मानगुटीवरून उतरेना. आपण निदान मागे सरलो. दादा कुठे सरणार?

आज तिने बोर्ड दादाच्या मांडीवर ठेवला. आई दारातच उभी होती.

"घाबरू नकोस रे," धाकटी म्हणाली, आणि तिचाच आवाज कापला.

तिने बॅटरीची पिन खाचेजवळ नेली. दादाच्या पापण्या दोनदा मिटल्या. पुन्हा दोनदा. पुन्हा. कपाळावर घाम फुटला.

"नको म्हणतोय तो!" आई पुढे धावली. "उचल आधी ते! जीव घेशील पोराचा!"

 धाकटी बोर्ड उचलणार, तोच तिला दिसलं, दादा तिच्याकडे बघतच नव्हता. नजर पिनेवर खिळली होती. लाल तार, म्हणजे प्लसची, मायनसच्या खुणेसमोर होती. या दुकानदाराने तारा उलट्या बसवल्या होत्या, आणि तिने तपासल्याच नव्हत्या.

 तिने तारा बदलल्या, मीटर लावून प्लस-मायनस पाहिलं, मग आईलाही पाहायला लावलं. पिन बसवली आणि तळहात बॅटरीवरच ठेवला, तापलीच तर आधी आपल्याला कळावं म्हणून.

तापली नाही. दादाचं बोट हललं. समोरच्या संगणकाच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं.

"मीटर आधी लावतात, गाढवे."

आईला हसू आणि रडू एकदमच आलं.  धाकटीने बॅटरीवरचा तळहात मात्र कितीतरी वेळ उचललाच नाही.