फाट्यावरची काठी

मित्रांनो, मी एक जुनी बोरीची काठी आहे. हिंदुरावांच्या गोठ्यात टांगलेली असले, तरी गुरे हाकणारी मी नव्हे बरं का! मी गावोगाव हिंडलेली आहे.

बारामतीजवळच्या एका ओढ्याकाठी म्हस्कूने मला तोडले, तासले आणि तेल पाजले. म्हस्कू आणि त्याची म्हातारी आई कुशाबाई जात्यांना टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करत. आज या गावात, उद्या त्या. त्यांच्यात एक रीत होती. पुढे जाणाऱ्याने फाट्यावर काठी आडवी ठेवायची. तिचे टोक जिकडे, तिकडे मागच्याने यायचे. आणि काठी झाडाला उभी टेकवलेली दिसली, तर तिथेच थांबायचे. मी कधी कुणाची वाट चुकवली नव्हती. त्याचा मला केवढा तोरा होता!

चौतीस सालच्या वैशाखात निरवांगीला कुशाबाईचा पाय सुजला. नरसिंहपूरची जाती तर जत्रेआधी व्हायला हवी होती. तू हो पुढे, मी दोन दिवसांनी येते हळूहळू, असे तिनेच सांगितले. म्हस्कूने फाट्यावर मला नरसिंहपूरकडे टोक करून ठेवले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव शेतावरून येत होते. भला माणूस. कुणाची तरी काठी पडली, गाडीखाली मोडेल, म्हणून त्यांनी मला उचलले आणि लिंबाला नीट उभे टेकवले. अहो, नका, असे ओरडावेसे वाटले. पण काठीला कुठली वाचा!

कुशाबाई लंगडत आली. मला पाहिले आणि लिंबाखाली बसली, ती तीन दिवस. ऊन नुसते मी म्हणत होते. हिंदुरावांनी पाणी दिले, भाकरी दिली, वस्तीवर चला म्हणून परोपरीने विनवले.

"न्हाय बाबा," ती म्हणाली, "माझ्या ल्योकानं हितंच थांब म्हनून सांगितलंय."

चौथ्या दिवशी म्हस्कू शोधत आला, तेव्हा तिचा हात माझ्यावरच होता. तो हात गार पडला होता. काठी कुणी उभी केली, एवढेच त्याने विचारले.

"मीच," हिंदुराव म्हणाले. "पडलीया म्हनून उचलली."

म्हस्कू त्यांना एका शब्दाने बोलला नाही. मला मात्र त्याने परत हात लावला नाही.

हिंदुरावांनी मला घरी आणले. आता ते थकलेत, भिंत धरून चालतात, पण मला कधी हातात घेत नाहीत. मित्रांनो, वाटेत काही पडलेले दिसले, तर उचलण्याआधी जरा थांबा. ते पडलेले नसेल. कुणीतरी कुणासाठी ठेवलेले असेल.