दारावरचा राजा

माझा खरा रंग कोणता? किती जणांच्या तोंडाकडे बघत मी हे विचारलं, पण उत्तर कुणी दिलं नाही.

मी मातीचा राजा बोलतोय, प्राचीन इजिप्तच्या राजाचा पुतळा. इजिप्तच्या दक्षिणेला, आस्वान शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, एका नूबियन घराच्या अंगणात माझा जन्म झाला.

मला शलालीने घडवलं. धरणाआधी, पणजोबांच्या काळी नदीने वरच्या देशांतून वाहून आणलेला गाळ त्याने काठावरून खणला आणि दोन दिवस हातांनी मळला. मुकुट झाला, दाढी झाली. चेहरा मात्र त्याच्या आजीचा उतरला. आजीने मला निरखलं, केसांतली पिन काढली आणि माझ्या गालांवर तीन-तीन उभ्या रेघा ओढल्या, तिच्या स्वतःच्या गालांवर लहानपणी कोरलेल्या आहेत तशा.

"आजी, राजाच्या गालावर असं नसतं गं," शलालीचा धाकटा भाऊ अवद म्हणाला.

"तू गेला होतास बघायला?"

शलालीने मला गेरूने रंगवलं. तेवढ्यात एकाच होडीतून दोन गिऱ्हाईकं आली, कैरोचे एक मास्तर आणि शिकागोच्या एक काळ्या बाई. दोघांनाही मीच हवा होतो.

"मला हा काळा करून द्या," बाई म्हणाल्या. "हे राजे आफ्रिकेचे. माझ्या आजोबांना शाळेत सांगायचे, तुमच्या लोकांनी कधी काही बांधलंच नाही."

"आफ्रिका मलाही मान्य आहे, बाई. पण आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतोय. आम्हाला उपरे ठरवू नका," मास्तर म्हणाले.

शलाली दुभाष्या होता. एकाचं दुसऱ्याला सांगताना तो थोडी साखर घालत होता, तरी आवाज चढतच गेले. शेवटी त्याने चुलीतली काजळी घेऊन माझी डावी बाजू काळी केली. "बाई, तुम्ही इकडे बसा. मास्तर, तुम्ही तिकडे."

दोघं हसायला लागले. आजी मात्र नाही. "आणि आम्ही कोण रे? काठावरचं गवत? आम्हा नूबियनांचेही राजे त्या गादीवर बसून गेलेत. घ्या, चहा निवतोय."

वाद मिटला नाही. दोघं खिसे भरून खजूर घेऊन गेले, मी तिथेच राहिलो. "भाजू नंतर," शलाली म्हणाला, "आधी रंग तर ठरू दे."

रंग ठरायच्या आत शलाली तापाने गेला. त्याच्या बायकोला, नब्राला, तेव्हा सातवा महिना होता. अवदने गेरूचा डबा नदीत भिरकावला आणि माझ्याकडे पाठ करून बसायला लागला.

मग मुलगी झाली. या घरात प्रत्येक बाळाची एक बशी सातव्या दिवशी दारावरच्या भिंतीत ओल्या मातीत बसवतात. माती बापाने आपल्या हातांनी मळायची. दारावर शलालीची निळी बशी होती, शेजारी अवदची. त्यांच्यामध्ये जागा रिकामी होती.

सातवा दिवस उजाडला. डफ तापवून ठेवले होते, बायका जमल्या होत्या.

"भाऊजी, तुम्ही मळा," नब्रा म्हणाली.

"मी तिचा बाप नाही." अवदने मातीसाठी ठेवलेलं रिकामं घमेलं लाथेने उडवलं. "दादाच्या हातची माती आणा कुठून तरी, मग बसवतो."

 बाळ रडायला लागलं. अवद वळला आणि कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग मला खांद्यावर टाकून, घमेलं काखेत मारून तो नदीकडे धावत सुटला.

"अरे, राजाला कुठे नेतोस?" आजी ओरडली.

"कामाला लावतो."

काठावर मला घमेल्यात ठेवून त्याने पाणी ओतलं. आधी काजळी सुटली, मग गेरू, आणि दोन्ही पाण्यात एक झाले. मुकुट विरघळला, दाढी गेली. गालांवरच्या रेघा तेवढ्या शेवटपर्यंत तग धरून होत्या. मी एवढा हलका कधीच झालो नव्हतो. अवदने दुसरी चिमूटभरही माती घातली नाही. मला ओंजळीत गोळा करताना त्याला माझ्या पोटातल्या न विरघळलेल्या ढेकळावर शलालीच्या अंगठ्याचा ठसा सापडला, आणि तो रडता रडता हसला.

आता मी दारावर आहे. मास्तर आणि बाई पुन्हा आलेच, तर त्यांनी मान वर करून बघावं. भांडावंही खुशाल, पण आधी जेवावं.

त्या दिवशी डफ वाजत होते. नब्राने बाळाला उंच धरलं होतं. अवदने पिवळी बशी माझ्यात दाबली, थोडा वेळ तळवा तसाच ठेवला, मग हळूच हात काढून घेतला.

मी बशी धरून ठेवली.